तुमचं वेळापत्रक कुणी लिहिलं? : शिकाऊ उमेदवारांना अनावृत पत्र

पोरांनो आणि पोरींनो,



आयटीआयचा निकाल लागला की चाकण, रांजणगाव, भोसरी, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, जिथं जिथं कारखाने आहेत तिथल्या गेटवर तुमच्या रांगा लागतात. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मार्कशीट, आधार कार्ड, पासबुकाची झेरॉक्स आणि चार फोटो. आत बोलावतात, एचआरमधलं कुणीतरी पोर्टलवर माहिती भरतं, तुमच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तुम्ही तो मोठ्याने वाचून दाखवता आणि करार होऊन जातो. स्टायपेंड किती हे तुम्ही विचारता. बस आहे का, कॅन्टीन आहे का, हेही विचारता, आणि विचारायलाच हवं. पण मी कुठल्या मशीनवर किती दिवस असणार, कुणाच्या हाताखाली असणार आणि हे कुणी ठरवलं, असं गेटवरच्या पोराने विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

मी फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक. सगळी नोकरी सरकारी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये व्हाइसच्या आजूबाजूला गेली. शेवटी शेवटी शिकाऊ उमेदवारीचं काम माझ्याकडे आलं आणि तुम्हाला भेटायला मी कंपन्यांमध्ये जाऊ लागलो. अभ्यासक्रम राबवणाऱ्यांच्या अडचणी मला माहीत आहेत, तेव्हा कुणावर दात धरून हे पत्र लिहीत नाही. पण इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर एक गोष्ट लख्ख दिसते. तुमचं प्रशिक्षण आखताना मालकाला विचारतात, अधिकाऱ्याला विचारतात, तज्ज्ञाला विचारतात. ज्याला ते घ्यायचंय तो तेवढा विचारायचा राहून जातो.

हे कुणाच्या विसरभोळेपणामुळे होत नाही, कायद्याची घडणच तशी आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 सालचा. तुमच्या ट्रेडचा प्रात्यक्षिकाचा अभ्यासक्रम केंद्र सरकार मंजूर करतं, आणि त्यासाठी केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेचा सल्ला घेतं, असं कलम 9 सांगतं. आता या परिषदेवर कोण बसतं? ते कलम 24 मध्ये आहे. सरकारी आणि खासगी आस्थापनांच्या मालकांचे प्रतिनिधी. केंद्र आणि राज्य सरकारांचे प्रतिनिधी. उद्योग, कामगार आणि तंत्रशिक्षण या विषयांचं विशेष ज्ञान आणि अनुभव असलेल्या व्यक्ती. तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेचे आणि प्रादेशिक मंडळांचे लोक. राज्याच्या परिषदेची रचनाही याच धाटणीची. यादी पुन्हा वाचून बघा. शिकाऊ उमेदवार तिच्यात नाहीत. 1973 साली पदवीधर आणि पदविकाधारक कायद्यात आले, 1986 साली व्यवसाय अभ्यासक्रमवाले आले, 2014 साली तर बरंच काही बदललं, पण या यादीत तुमची भर पडली नाही.

त्याच कायद्यातली दोन कलमं शेजारी शेजारी आहेत, तीही वाचण्यासारखी आहेत. कलम 17 म्हणतं, वागणूक आणि शिस्तीच्या बाबतीत तुम्हाला त्या आस्थापनेतल्या त्याच दर्जाच्या कर्मचाऱ्यांचे नियम लागू. कलम 18 म्हणतं, तुम्ही प्रशिक्षणार्थी आहात, कामगार नाही, म्हणून कामगार कायदे तुम्हाला लागू नाहीत. म्हणजे उशीर झाला तर तुम्ही कामगार आणि गाऱ्हाणं मांडायचं झालं तर विद्यार्थी. आरोग्य, सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई यांचं संरक्षण कायद्याने वेगळं दिलेलं आहे, ते नाकारत नाही. पण युनियनच्या बैठकीत तुमचा विषय सहसा निघत नाही, आणि कॉलेजसारखी विद्यार्थी संघटनाही तुमच्या मागे नाही. तुम्ही मधल्या मध्ये.

परवापरवाचीच गोष्ट घ्या. 2019 च्या नियमांनी तुमच्या किमान स्टायपेंडची रक्कम शिक्षणाप्रमाणे 5,000 ते 9,000 रुपये ठरवली होती. मे 2025 मध्ये केंद्रीय परिषदेने ती 6,800 ते 12,300 करावी अशी शिफारस केली. शिफारस चांगलीच आहे. पण चाकणमध्ये कॉट बेसिसवर राहायला महिन्याला काय पडतं, मेसवाला काय घेतो, कंपनीची बस नसेल तर शेअर रिक्षाला रोजचे किती जातात, हे त्या टेबलावर सांगायला तुमच्यातलं कुणी बसलेलं नव्हतं. पैशाच्या बाबतीत ही तऱ्हा, तर शिकण्याचं काय विचारता.

पैसा मोजता तरी येतो. शिकणं कुठे अडलं हे बाहेरून दिसतही नाही. म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. चाकणचा एक मध्यम कारखाना. नाव घेत नाही, माणसं वाईट नाहीत. आमच्याकडची टर्नर झालेली एक मुलगी तिथं सीएनसी लेथवर होती. काम असं: जॉब चकमध्ये लावायचा, दार ओढायचं, सायकल स्टार्टचं बटण दाबायचं, सायकल संपली की दार उघडून एअरगनने चिप्स उडवायच्या, प्लग गेज घालून बघायचा, जॉब ट्रेमध्ये ठेवायचा. बोअर 25 मिलीमीटरचं, एच 7. म्हणजे वरच्या बाजूला 21 मायक्रॉनची सूट, खालच्या बाजूला शून्य. गेजची ‘गो’ बाजू आत गेली पाहिजे, ‘नो-गो’ अडली पाहिजे. इन्सर्टची धार झिजत जाते तसं बोअर बारीक होत जातं आणि ‘गो’ बाजू घट्ट लागायला लागते. तसं झालं की तिने हात वर करायचा. सेटर यायचा, पॅनेलवर ऑफसेटचं पान उघडायचा, आकडा मारायचा आणि पुढच्या मशीनकडे पळायचा. ही पुन्हा जॉब लावायची.

प्रशिक्षणाच्या तक्त्यात या मशीनपुढे तिचे चार महिने लिहिलेले होते. किती दिवसांत जमलं, असं मी विचारलं. पहिल्या आठवड्यातच, म्हणाली. मग आता काय शिकतेस? यावर ती थोडी थांबली आणि तिनेच मला विचारलं, “सर, सेटर कधी 8 मायक्रॉन टाकतात, कधी 12. प्लग गेजवरून तर आकडा कळत नाही. मग ते कशावरून ठरवतात?”

फिटर-टर्नर लोकांना या प्रश्नाचं वजन कळेल. प्लग गेज जॉब चालेल की नाही एवढंच सांगतो. किती कमी, किती जास्त हे हवं असेल तर मास्टर रिंगवर शून्य लावून बोअर गेज फिरवावा लागतो, मागच्या दहा जॉबचा कल बघावा लागतो, इन्सर्ट किती चाललाय ते ठाऊक असावं लागतं. सेटरचं सेटरपण त्यातच आहे. पोरगी जिथं उभी होती तिथून पुढची पायरी तिला स्वच्छ दिसत होती. तक्ता बनवणाऱ्या इंजिनिअरला ती दिसत नव्हती, त्याच्या हिशेबी ती चार महिने ‘सीएनसी शिकत’ होती. महिन्यातून एकदा डोकावणाऱ्या मलाही दिसली नसती. शिकणं चालू आहे की फक्त हात चालू आहेत, हे तिचं तिलाच माहीत होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. आणि तिला विचारण्याची त्या कारखान्यात कुठलीही पद्धत नव्हती.

गंमत बघा, त्याच कारखान्याच्या भिंतीवर काइझेनचा मोठा बोर्ड होता. फिक्स्चरला एक स्टॉपर लावल्याने जॉब बसवायचे चार सेकंद वाचले, म्हणून एका ऑपरेटरचा फोटो आणि बक्षीस. म्हणजे काम करणाऱ्याला कामातलं कळतं, हे तत्त्व तिथं सर्वांना मान्य आहे. मोठ्या कारखान्यांतली कॅन्टीन समितीही तुम्हाला ठाऊक असेल; भाजी कुठली आणि चपात्या किती, हे बोलायला तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी असतात. सुरक्षा समितीत असतात. चार सेकंदांसाठी विचारतात, चपातीसाठी विचारतात, आणि एका तरुण माणसाच्या अख्ख्या वर्षासाठी विचारत नाहीत.

काही ठिकाणी विचारतात म्हणा. करार संपायच्या आठवड्यात एक फॉर्म हातात देतात. ‘प्रशिक्षण कसे वाटले? उत्तम, चांगले, बरे.’ हे वरातीमागून घोडं. तुम्ही काहीही लिहिलंत तरी तुमचं वर्ष परत येत नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांच्याच हातात तुमची प्रमाणपत्राची कागदपत्रं आणि पुढच्या कामाची आशा असते. अशा वेळी कुणीही शहाणा मुलगा ‘उत्तम’वर खूण करून मोकळा होतो. मीही तेच केलं असतं.

“शिकायला आलेल्याला काय कळतंय, काय शिकायचं ते?” हे वाक्य मी मॅनेजरांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलंय, आणि ते अर्धं खरं आहे, हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. आयटीआयत पहिले कित्येक दिवस तुम्ही नुसतं फायलिंग करता. एमएसचा तुकडा, फ्लॅट फाइल, ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचा, फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायचं. तेव्हा मी मतदान घेतलं असतं तर दुसऱ्या आठवड्यात फायलिंग अभ्यासक्रमातून हद्दपार झालं असतं. हात आणि डोळा तयार होतात ते त्याच कंटाळ्यातून, आणि ते कळायला पुढे दोन-चार वर्षं जावी लागतात. तसंच सुरक्षिततेचं. मशीनची दुरुस्ती करताना मेन स्विचला कुलूप लावायचं की नाही, हा चर्चेचा विषय होऊ शकत नाही. फिटरला किमान काय आलं पाहिजे ते जाणत्यांनीच ठरवावं. तिथं माझं कुणाशी भांडण नाही.

पण प्रशिक्षण म्हणजे एवढंच नसतं. कुठली गोष्ट आधी, कुठली नंतर, एका जागी किती दिवस, कुणाच्या हाताखाली, प्रश्न विचारायची वेळ कुठली, येतंय की नाही ते कसं तपासायचं, चुकलं तर पुन्हा करून बघायला जॉब मिळणार का, की रिजेक्शनच्या भीतीने मशीनच हातात देणार नाहीत. या सगळ्यात शिकणाऱ्याचा शब्द लागतो, कारण यातली निम्मी माहिती त्याच्याशिवाय कुणाकडे नसते. ‘तुमचं मत काय’ यापेक्षा ‘काल काय झालं’ हे तुम्हाला विचारण्यात कंपनीचा जास्त फायदा आहे.

भोसरीच्या एका लहान युनिटने हे करून बघितलं. दीडेकशे माणसांचं युनिट, मालक स्वतः लेथवरून वर आलेला. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असली की मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक, म्हणून त्याने घेतले होते. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अर्धा तास सगळ्यांना बसवायचं आणि बोलू द्यायचं, असं त्याने ठरवलं. मला कौतुकाने बोलावलं. पहिल्या बैठकीत चिडीचूप. मालक समोर, सुपरवायझर शेजारी, बोलणार कोण? पुढच्या खेपेला सुपरवायझरला बाहेर ठेवलं, तेव्हा सेफ्टी शूज चावतात, चहा गार असतो आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी जायला वाहन नसतं, एवढं निघालं. मालक वैतागला. मी यांना प्रशिक्षणाबद्दल विचारतोय आणि हे चहाबद्दल सांगतायत, असं मला म्हणाला. मी म्हटलं, चहा गरम करून बघा.

त्याने शूज बदलून दिले आणि शिफ्टचं जमवलं. त्यानंतरच्या बैठकीत पोरं खरं बोलायला लागली. एकाने सांगितलं, की ड्रॉइंग वाचायला आयटीआयत शिकलो, पण इथं ड्रॉइंग काचेच्या कपाटात असतं आणि आमच्या हातात नुसता जॉब येतो. दुसरा म्हणाला, मेंटेनन्सला दोन महिने आहेत, पण ब्रेकडाउन झालं की आम्हाला लाइनवर पाठवतात. मग मेंटेनन्स बघायचं कधी? आधीची सगळी बडबड ही आपल्या कानाची परीक्षा होती, हे मालकाला तेव्हा कळलं. ड्रॉइंगची एकेक प्रत मशीनशेजारी लागली. मेंटेनन्सचा नियम उलटा झाला: ब्रेकडाउन झालं की शिकाऊ पोरगा जिथं असेल तिथून तिकडे जायचा. हे काही फार मोठं झालं असं मी म्हणणार नाही. पुढे तो मालक कामात गुरफटला, एक-दोन शनिवार चुकले आणि बैठक हळूहळू बंद पडली. माणसाच्या मनावर चालणाऱ्या गोष्टीचं असंच होतं. म्हणून ती कागदावर, नियमात असायला हवी.

नियमात असली म्हणजे काय होतं ते जर्मनीत दिसतं. चाकण-तळेगाव पट्ट्यात जर्मन कंपन्या पुष्कळ आहेत, त्यांच्या ‘ड्युअल सिस्टिम’चं नाव तुमच्या कानावर आलेलंच असेल: आठवड्याचे काही दिवस कारखान्यात, काही दिवस व्यवसाय शाळेत. आपल्याकडच्या भाषणांत तिची ही बाजू भरपूर येते. दुसरी बाजू फारशी येत नाही. तिथं ज्या आस्थापनेत कामगारांची निवडून आलेली समिती आहे आणि किमान 5 अल्पवयीन कामगार किंवा प्रशिक्षणार्थी आहेत, तिथं या मंडळींना आपला स्वतंत्र प्रतिनिधी निवडता येतो. 5 ते 20 जण असतील तर 1 प्रतिनिधी, 21 ते 50 असतील तर 3, आणि असे वाढत जातात. दर 2 वर्षांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निवडणूक. हे प्रतिनिधी कामगार समितीच्या बैठकांना बसतात, आणि कारखान्यातलं प्रशिक्षण कसं राबवायचं यात त्या समितीला बोलण्याचा आणि अडवण्याचाही अधिकार असतो. ट्रेडचे देशपातळीवरचे नियमही मालक संघटना आणि कामगार संघटना सरकारबरोबर एका टेबलावर बसून करतात. प्रशिक्षणार्थ्याला दिलेलं काम प्रशिक्षणाच्या उद्देशाचंच असलं पाहिजे, हे तर कायद्यातच आहे.

यातली मला सर्वांत आवडलेली तरतूद वेगळीच आहे. असा निवडून आलेला प्रशिक्षणार्थी प्रशिक्षण संपण्याच्या आधीच्या 3 महिन्यांत लेखी मागणी करू शकतो, की मला पुढे कामावर घ्या. तशी मागणी केली की त्याला कायम घ्यावं लागतं. मालकाला नको असेल तर तशी सक्ती कशी रास्त नाही हे कोर्टात पटवावं लागतं. हे कशासाठी? तर सर्वांच्या वतीने तोंड उघडलं म्हणून त्याची पोटावर मार खायची पाळी येऊ नये. मघाशी फॉर्मवर ‘उत्तम’ची खूण करणाऱ्या मुलाबद्दल लिहिलं ना, त्याची भीती तिथं कायदा करणाऱ्यांनी ओळखली होती. तिकडे सगळं आलबेल आहे असंही समजू नका. जर्मन कामगार संघटनांची युवा शाखा दरवर्षी थेट प्रशिक्षणार्थ्यांना विचारून अहवाल काढते, आणि ट्रेडशी संबंध नसलेली कामं करावी लागतात ही तक्रार त्यात असतेच. पण ती तक्रार छापून येते, तिच्यावर वाद होतो. इंग्लंडनेही 2017 साली शिकाऊ उमेदवारीसाठी राष्ट्रीय संस्था काढली, तेव्हा तिला सल्ला द्यायला शिकाऊ उमेदवारांचंच एक पॅनेल नेमलं होतं.

आपल्याकडे तुमचा आवाज मुंबईने ऐकला तो 20 मार्च 2018 ला. रेल्वेच्या वर्कशॉपांमध्ये शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेली मुलं सकाळी सकाळी माटुंगा-दादरच्या मध्ये रुळांवर बसली आणि मध्य रेल्वेची लोकल ऐन गर्दीच्या वेळी तीन तासांहून जास्त बंद पडली. भरतीतली 20 टक्के कोट्याची अट काढा आणि आम्हाला नोकरी द्या, ही मागणी. लोकांचे हाल झाले, लाठ्या चालल्या, दगड पडले. मागणी बरोबर होती की चूक यात मी शिरत नाही, रुळांवर बसणं तर मला पसंत नाहीच. पण प्रशिक्षणानंतर आमचं काय, हा प्रश्न ती मुलं प्रशिक्षण चालू असताना कुठल्या टेबलावर मांडणार होती?

आता तुम्ही काय करू शकता ते सांगतो. आधी लॉगबुक. तुमची लॉगबुकं मी तपासलेली आहेत, मला काही सांगू नका. पहिल्या दिवशी ‘सीएनसी मशीनवर काम केले’ आणि खाली पानभर दोन रेघा: वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. कधी कधी अख्ख्या बॅचचं एकाच अक्षरात. सुपरवायझर न वाचता सही करतो, आम्हीही केलेली आहे. ही वही तुमच्या बाजूचा एकमेव लेखी कागद आहे आणि तुम्ही तो स्वतःच्या हाताने कोरा ठेवता. मराठीत लिहा, शुद्धलेखनाची काळजी करू नका. आठवड्यातून एकदा तीन ओळी: नवीन काय आलं, कुणी शिकवलं, कुठे अडलं. तिसरी ओळ सलग चार आठवडे तीच राहिली, तर बदल कुठे करायचा हे प्रशिक्षण अधिकाऱ्याला वेगळं सांगायला नको. आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलात तरी चालेल.

मग बैठक मागा. एकट्याने जाऊ नका, बॅचमधले चार-पाच मिळून जा. तक्रार घेऊन आलोय असं म्हणू नका, महिन्याला अर्धा तास द्या म्हणा, आणि भिंतीवरच्या काइझेनच्या बोर्डाकडे बोट दाखवा. बोलायला दोघांना निवडा. एक नुकताच लागलेला आणि एक उमेदवारी संपत आलेला. पहिल्याला टोचणारं ताजं असतं, दुसऱ्याला मागचं-पुढचं दिसत असतं. त्यातली एक मुलगी असेल तर फार बरं, कारण पुष्कळ ठिकाणी मुलींना जड मशीनवर पाठवतच नाहीत, पॅकिंग आणि तपासणीवर ठेवतात, आणि हे मुलांच्या लक्षातही येत नाही. काय बोलणं झालं ते पानभर लिहून ठेवा आणि पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला तेच पान वाचा. काही झालं नसेल तर ‘झालं नाही’ असं त्यावर लिहा. एवढं पुरे होतं, पुष्कळदा.

पुरे झालं नाही तर कायद्यात थोडी जागा आहे, ती ठाऊक असू द्या. सरकारने नेमलेल्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय तुमच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. तुम्हाला नगावर पैसे देता येत नाहीत, उत्पादन बोनसच्या शर्यतीत उतरवता येत नाही. प्रशिक्षणाशी संबंध नसलेल्या कामाला लावणं हा गुन्हा आहे, भले 2014 पासून त्याची शिक्षा दंडावर आलेली असो. त्याच वर्षापासून कामाचे तास ठरवणं मालकाच्या हाती गेलंय, हेही लक्षात ठेवा. कराराबाबत मतभेद झाला तर कलम 20 प्रमाणे तो सल्लागाराकडे नेता येतो, आणि त्याच्या निर्णयावर 30 दिवसांत अपील करता येतं. जिल्ह्याच्या ठिकाणी आमचं मूलभूत प्रशिक्षण आणि अनुषंगिक सूचना केंद्र असतं, तिथं चौकशी करा. कलमं घेऊन अंगावर जाऊ नका. ती माहीत असणारा मुलगा समोर बसला की बोलणं आपोआप जरा नीट होतं, एवढाच त्यांचा रोजचा उपयोग.

हे पत्र अनावृत आहे, म्हणजे ते मंत्रालयात आणि दिल्लीतही कुणी वाचलं तर हरकत नाही. त्यांच्यासाठी एकच सूचना. कलम 24 मध्ये दुरुस्ती होईल तेव्हा होईल. त्याआधी त्यातला तो तिसरा गट बघा: उद्योग, कामगार आणि तंत्रशिक्षण यांतलं विशेष ज्ञान आणि अनुभव असलेल्या व्यक्ती. गेल्या दोन-तीन वर्षांत ज्याने शिकाऊ उमेदवारी पूर्ण करून प्रमाणपत्र मिळवलंय, त्याच्यापेक्षा ताजा अनुभव कुणाकडे आहे? या गटातून असे दोन जण, एक मुलगा आणि एक मुलगी, साध्या अधिसूचनेने परिषदेवर नेमता येतात. संसदेत जावं लागत नाही. भत्ता मात्र प्रवासखर्चासकट द्या, कारण त्यांना त्या दिवसाचा पगार बुडवून यावं लागेल.

आणि तुम्ही, तुमच्या पहिल्या बैठकीत चहाचा विषय निघाला तर निघू दे. फक्त उठायच्या आधी दुसऱ्या बैठकीची तारीख ठरवून घ्या आणि ती लॉगबुकात लिहून त्यावर साहेबांची सही घ्या. ते पान मला आयटीआयच्या पत्त्यावर पाठवा. मी निवृत्त असलो तरी गुरुवारी तिथं असतो, आणि नव्या बॅचला लॉगबुक कसं भरायचं ते दाखवायला माझ्याकडे अजून एकही धड नमुना नाही.

तुमचा,
एक निवृत्त शिल्प निदेशक (फिटर)